शून्य कधी लावायचा, कधी गाळायचा

भारतातला टेलिफोन क्रमांक, लँडलाइनचा असो वा मोबाईलचा, दहा अंकी असतो. पेडण्यातले बीएसएनएलचे अनेक लँडलाइन क्रमांक २२०१ ने सुरू होतात, डिचोलीतले २३६२ ने. हे क्रमांक सात अंकी. त्यांच्या आधी गोव्याचा ८३२ हा कोड आला की दहा भरतात. शेजारच्या सावंतवाडीचा कोड २३६३ असा चार अंकी, म्हणून तिथला स्थानिक क्रमांक सहा अंकी. मुंबईचा कोड २२ असा दोनच अंकी, म्हणून तिथला आठ अंकी. बेरीज सगळीकडे दहाच.

कोडआधी येणारा शून्य या दहांत धरायचा नसतो. कॉल आपल्या कोडच्या हद्दीबाहेर जायचा आहे, एवढेच तो एक्स्चेंजला सांगतो. म्हणून पेडण्याच्या लँडलाइनवरून डिचोलीच्या लँडलाइनला नुसते सात अंक पुरतात. दोन्हींचा कोड एकच. सावंतवाडीला मात्र ०२३६३ लावून सहा अंक फिरवावे लागतात. मोबाईलला स्वतःचा गाव नसतो. त्यामुळे पेडण्याच्या बाजारात उभे राहूनही मोबाईलवरून पेडण्याच्याच लँडलाइनला ०८३२ लावावेच लागते. लँडलाइनवरून मोबाईल लावताना दहा अंकांआधी शून्य हवा. हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून देशभर लागू झाला. मोबाईलवरून मोबाईलला शून्याची गरज नाही. ११२ आणि १०८ ला मोबाईलवरून ना शून्य लागतो ना कोड.

परदेशातून नियम नेमका उलटतो. तिथून शून्य गाळायचा आणि ९१ लावायचा: +९१ ८३२ आणि मग सात अंक. कुवेत, दुबई, लंडन किंवा लिस्बनच्या लँडलाइनवरून अधिकच्या चिन्हाऐवजी ००९१. पाटीवरचा ०८३२ तसाच ९१ च्या मागे जोडला की कॉल लागत नाही.

गोव्याच्या क्रमांकांतला सर्वांत विलक्षण भाग पुढे आहे. देशातल्या कोडचा पहिला अंक प्रदेश सांगतो. महाराष्ट्रातल्या मोठ्या भागाचे कोड २ ने सुरू होतात: मुंबई २२, सावंतवाडी २३६३. गोव्याचा मात्र ८ ने. बेळगाव ८३१, हुबळी-धारवाड ८३६, कारवार ८३८२, आणि त्यांच्याच रांगेत ८३२. मडगावचा कोडही पूर्वी ०८३४ असा याच ओळीतला होता. आता अख्ख्या गोव्याला ०८३२ हा एकच कोड आहे. मोबाईल परवान्यांची विभागणी झाली तेव्हा मात्र गोवा महाराष्ट्राच्या मंडळात गेला, आणि मुंबई त्या मंडळाबाहेर स्वतंत्र राहिली. पिनकोडनेही गोव्याला महाराष्ट्राशेजारीच बसवले आहे: पेडणे ४०३५१२, डिचोली ४०३५०४.

या दुहेरी वाटणीचे परिणाम सीमेवरच्या माणसांनी वर्षानुवर्षे भोगले. पत्रादेवी ओलांडून बांद्याला गेलेल्या पेडणेकराचा मोबाईल रोमिंगवर जात नसे, कारण मंडळ एकच. पण त्याच पेडणेकराने घरच्या लँडलाइनवरून बांद्याच्या बहिणीला फोन केला, तर कोड वेगळा म्हणून शून्य लावून एसटीडी. चोर्लाघाटातून बेळगावला गेले की मोबाईल रोमिंगवर, मुंबईला गेले तरीही रोमिंगवर. डिचोली आणि दोडामार्ग यांच्यात सोयरिकी आहेत, बाजारहाट आहे, जत्रा आहेत. त्या नात्यांवर लँडलाइनच्या नकाशाने उभी रेघ मारली, आणि मोबाईलच्या नकाशाने आपली रेघ दुसऱ्याच जागी. सामान्य माणसाला शून्याचा नियम अवघड वाटतो तो त्याच्या अडाणीपणामुळे नव्हे. नियमांची रेघच माणसांच्या वहिवाटीवरून आखलेली नाही.

अंक वाढत गेले त्यालाही कारण आहे. नवी राष्ट्रीय क्रमांक योजना २००३ ची. त्या सुमारास देशभरातल्या बीएसएनएल क्रमांकांआधी २ हा अंक आला आणि गोव्याचे सहा अंकी क्रमांक सात अंकी झाले. हा पहिला अंक कंपनी सांगतो, म्हणून गोव्यात ६ ने सुरू होणारे टाटांचे लँडलाइन क्रमांकही दिसतात. जुन्या लग्नपत्रिकेवर किंवा देवस्थानच्या स्मरणिकेत सहा अंकी क्रमांक सापडला, तर आधी २ लावून पाहावा. २०२१ च्या शून्यामागेही जागेचीच टंचाई होती. त्यातून सुमारे २५४ कोटी नवे क्रमांक मोकळे होतील, असा दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा हिशेब होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने पुढची शिफारस केली: लँडलाइनवरून लँडलाइनला, अगदी गावातल्या गावातही, शून्य आणि कोडसह पूर्ण क्रमांक फिरवावा.

या शिफारशीचे पुढे काहीही होवो, पूर्ण क्रमांक लिहिण्याला कोणाची हरकत नाही आणि खर्चही नाही. पंचायत, आरोग्य केंद्र, शाळा, देवस्थान, औषधाचे दुकान यांच्या पाटीवर नुसते सात अंक लिहिणे म्हणजे मोबाईल हाती असलेल्या प्रत्येकाला आणि परदेशातल्या लेकराला परत पाठवणे. आजारी आईची चौकशी करणाऱ्याला मध्यरात्री कोड शोधायला लावणे हा साधा निष्काळजीपणा नाही, तो अन्याय आहे. गणपतीपूर्वी पाट्या रंगवायला निघतील त्या प्रत्येक पेडणेकराने आणि डिचोलीकराने क्रमांक +९१ ८३२ पासून पुरा लिहावा.