कर्जत लोकल आणि पाठीतली सुई

"पाठीत सुई घेतली की बाईची कंबर कायमची गेली म्हणून समज!" आमच्या खालापूर तालुक्यात कुठल्याही गावात जा, हे वाक्य ऐकायला मिळेलच. आमच्या घरात ते आजीच्या तोंडून ऐकलं, तेसुद्धा ऐन मोक्याच्या वेळी.

वहिनीचं सिझेरियन करायचं ठरलं होतं. आजी अडून बसली, "पोरीला झोपवा, पण पाठीत सुई नको." डॉक्टर घाईत होते. "काही होत नाही हो, आम्ही रोज देतो. इथे सही करा." दादाने सही केली. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आले. पण "काही होत नाही" हे काही उत्तर झालं का? व्हायवाला असं उत्तर दिलं तर आपल्याला केटी लागते!

म्हणून मी एमबीबीएस करणाऱ्या शाळेतल्या मित्राला गाठलं. त्याने उलट मलाच विचारलं, "मज्जारज्जू कुठे संपतो, सांग." मी ठोकून दिलं, "माकडहाडापाशी." तो हसला. मित्रांनो, तुम्हीही हेच उत्तर दिलं असतं, पैज लावतो.

खरी गोष्ट अशी की मज्जारज्जू पाठीच्या कण्यापेक्षा बराच आखूड असतो. आईच्या पोटात पहिले तीन महिने दोघांची लांबी सारखी असते. मग कणा भरभर वाढतो आणि मज्जारज्जू मागे पडतो. जन्माच्या वेळी त्याचं टोक कंबरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापाशी असतं आणि पुढच्या काही महिन्यांत ते मोठ्या माणसाच्या पातळीवर येतं. त्याच्या खाली उरतात त्या सुट्या नसांच्या दोऱ्या. घोड्याच्या शेपटीसारख्या दिसतात म्हणून त्यांना लॅटिनमध्ये तसंच नाव आहे, कॉडा इक्विना. त्या पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतात. बारीक सुई आली तर बहुतेक वेळा बाजूला सरकतात. मज्जारज्जू मात्र सरकत नाही. म्हणून सुई द्यायची ती त्याच्या टोकाच्या खाली. सगळा प्रश्न एवढाच, की टोक नक्की कुठे आहे?

आता आपली कर्जत लोकल डोळ्यांसमोर आणा. मेंदू म्हणजे मुंबई. छातीचा शेवटचा म्हणजे बारावा मणका भिवपुरी रोड. मग कंबरेचे पाच मणके ओळीने कर्जत, पळसदरी, केळवली, डोळवली आणि लौजी. खोपोली म्हणजे माकडहाडाच्या वरचं मोठं त्रिकोणी हाड. हिशेब किती चपखल बसतो पाहा, एक स्टेशन कमी नाही की जास्त नाही!

१९९८ साली सैफुद्दीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०४ प्रौढांचे एमआरआय तपासले. मज्जारज्जूचं टोक सरासरी पहिल्या मणक्याच्या खालच्या भागात सापडलं, म्हणजे आपल्या कर्जत स्टेशनच्या हद्दीतच. पण ही झाली सरासरी. काहींची गाडी अलीकडेच भिवपुरीच्या मध्यावर संपली होती, तर काहींची पळसदरी ओलांडून केळवलीच्या तोंडापर्यंत गेली होती. निरोगी माणसातसुद्धा एवढा फरक असतो आणि तो बाहेरून पाहून कळत नाही. नाक जसं प्रत्येकाचं वेगळं, तसंच हे.

आता इंजिनिअरच्या डोक्याने विचार करा. सरासरी कर्जत आहे म्हणून कोणी पळसदरीला सुई दिली, तर बहुतेकांना काहीच होणार नाही. पण ज्याची गाडी केळवलीपर्यंत जाते त्याचं काय? म्हणून भूलतज्ज्ञ साधारणपणे केळवली-डोळवलीच्या मध्ये किंवा डोळवली-लौजीच्या मध्ये सुई देतात. आपण ज्याला फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतो ते हेच. सरासरी माणसासाठी नाही, तर सगळ्यात लांब जाणाऱ्या गाडीसाठी केलेलं डिझाइन!

यात अजून एक गोम आहे. मणक्यांवर स्टेशनासारख्या पाट्या नसतात. कमरेच्या दोन्ही बाजूंची हाडं चाचपायची, त्यांना जोडणारी रेघ मनात आखायची आणि ती चौथ्या मणक्याच्या आसपास जाते असं धरून मोजायचं. मुसळधार पावसात, डब्यातले दिवे गेलेले असताना, नुसते धक्के मोजून स्टेशन ओळखण्यासारखंच हे. चुकणारच! ऑक्सफर्डमधल्या भूलतज्ज्ञांनी २००० साली हे एमआरआयशी ताडून पाहिलं, तेव्हा हाताने ओळखलेली जागा फक्त २९ टक्के वेळा बरोबर निघाली. चुकले ते बहुतेक वेळा वरच्या बाजूला, म्हणजे वाटलं त्यापेक्षा ते मुंबईच्या जवळ होते. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या फेलिसिटी रेनॉल्ड्स यांनी सात रुग्णांची हकीगत छापली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याच्या मध्ये सुई दिली असं डॉक्टरांना वाटलं होतं, प्रत्यक्षात मज्जारज्जूच्या टोकाला इजा झाली होती.

घाबरू नका. ही पद्धत जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी १८९८ साली सुरू केली आणि तेव्हापासून जगभर असंख्य लोकांनी ही सुई घेतली आहे. अशी इजा अत्यंत विरळ. गरोदर बाईला पूर्ण झोपवण्यात श्वासाचे धोके जास्त, म्हणून तर सिझेरियनला हीच भूल बहुतेकदा पसंत करतात. सुईनंतर काहींचं डोकं दुखतं, हे खरं. खुद्द बिअर यांनी स्वतःवर प्रयोग केला तेव्हा त्यांनाही काही दिवस दुखलं होतं. पण बाळंतपणानंतरची कंबरदुखी सुई न घेतलेल्या बायकांतही सर्रास असते. तिचं खापर सुईवर फोडणं बरोबर नाही.

मग माझं म्हणणं काय? दोन गोष्टी.

पहिली आपल्यासाठी. 'नॉर्मल' म्हणजे एक आकडा नव्हे, नॉर्मल म्हणजे एक पट्टा. आपण प्रॅक्टिकलला पाच रीडिंग घेतो, सरासरी काढतो आणि बाकीची रीडिंग 'एरर' म्हणून विसरून जातो (काही महाभाग तर सरासरी आधी ठरवून रीडिंग नंतर भरतात, नावं घेत नाही!). शरीराच्या बाबतीत ती बाजूची रीडिंग म्हणजे एरर नसते, जितीजागती माणसं असतात. उद्या आपल्यातलेच काही जण सुईची दिशा दाखवणारी अल्ट्रासाउंड मशिन्स बनवतील. त्यांनी तरी हे विसरू नये.

दुसरी डॉक्टरमंडळींसाठी. सही घेण्याआधी दोन मिनिटं सांगा. "खेड्यातल्या लोकांना सांगितलं तर ते जास्त घाबरतात," असं म्हणतात. घाईच्या केसमध्ये वेळ नसतो हेही मान्य. पण वहिनीची तारीख आठवडाभर आधी ठरली होती. मी घरी जाऊन वहीच्या मागच्या पानावर स्टेशनं काढली आणि आजीला दाखवली. आजीचा आयुष्यभराचा प्रवास याच गाडीने झालेला. तिने लौजीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे गाडी इथवर येतच नाही आणि सुई इथं देतात, होय? मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

वहिनी तेव्हा बाळाला घेऊन शेजारीच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "सही तर दादाची घेतली, मला कोणी विचारलंच नाही." पाठ तिची होती, सुई तिला बसली होती. याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?