सूचना लागली, पुढे काय?

रत्नागिरीचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५चे. मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्रही याच शहरात. पावसाळा आला की शहरातल्या महाविद्यालयांत सूचनांचीही झड लागते: महाडीबीटी संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरची नोंदणी, मिळवलेले श्रेयांक जमा ठेवणाऱ्या श्रेयांक पेढीचे खाते.

सोय मोठी आहे. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरून मिळवू देण्याची मुभा यूजीसीने २०२१मध्ये महाविद्यालयांना दिली. पण त्यातला कोणता अभ्यासक्रम आपल्या कामाचा, हे फलक सांगत नाही.

बँक खाते आधारशी जोडलेले नसेल, तर मंजूर शिष्यवृत्तीही अडकते. लांज्याहून एसटीने येणाऱ्या मुलीला हे मुदतीआधी कुणीतरी समोर बसवून सांगावे लागते.

असे सांगणाऱ्या शिक्षकांच्या कामावर या अंकाचा भर आहे. अर्जांना लागणाऱ्या कागदपत्रांची यादीही सोबत दिली आहे.