जुने काढा, पण आधी सांगा!

नांदेड-लातूरकडच्या एखाद्या वृद्ध माणसाला ‘हाली’ आणि ‘कलदार’ म्हणजे काय ते विचारून पाहा. हाली हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा रुपया, तर कलदार म्हणजे भारतीय रुपया. 1950 मध्ये येथे भारतीय रुपया रीतसर सुरू झाला. पण हाली लगेच बाद झाला नाही. 7 हालींना 6 कलदार असा भाव ठरला आणि हाली कायमचा बाद झाला तो 1959 मध्ये. लोकांना नऊ वर्षांची सवड मिळाली.

संगणकाच्या भाषांतही जुनी साधने बाद होतात. पायथन भाषेत ‘इम्प’ नावाचे एक मॉड्यूल होते. प्रोग्रॅमला लागणारी दुसरी फाईल शोधून ती जोडून देणे, हे त्याचे काम. ‘हे जुने झाले, याऐवजी इम्पोर्टलिब वापरा’ असा शेरा भाषेच्या माहितीपुस्तिकेत 2014 मध्ये आला. इम्प प्रत्यक्ष काढले 2023 मध्ये. येथेही नऊ वर्षेच!

कोणी म्हणेल, टाकाऊ वस्तू इतकी वर्षे कशाला सांभाळायची? पण जुन्या पुस्तकावरून शिकणाऱ्या मुलाचा विचार करा. त्याचा प्रोग्रॅम एकाएकी बंद पडला, तर तो स्वतःलाच दोष देईल. म्हणून माझ्या मते नुसते ‘जुने’ म्हणणे पुरेसे नाही. त्याऐवजी काय वापरावे आणि केव्हापर्यंत बदल करावा, हेही सांगितले पाहिजे.

मात्र आपलेही एक काम आहे. पडद्यावर असा इशारा दिसला, की तो वाचा आणि वेळीच बदल करा. मुदत संपल्यावर हालीला बाजारात कोण विचारणार?