आळे एक, पत्ते अनेक

आळे हे नाव मराठीत लिहायला दोन अक्षरं पुरतात. इंग्रजीत लिहायची वेळ आली की पंचाईत होते, कारण त्या लिपीत ‘ळ’च नाही. कुणी एक ‘ए’ लिहितो, कुणी दोन. आळेफाटा कुणी जोडून लिहितो, कुणी तोडून. एसटीच्या पाटीवर यानं काही अडत नाही, कंडक्टर सगळं ओळखतो. इंटरनेट मात्र ओळखत नाही. तिथं एका अक्षराचा फरक म्हणजे वेगळाच पत्ता. (त्यातून एका ‘ए’चं स्पेलिंग इंग्रजीत एका प्रकारच्या बिअरचं नाव आहे. आपल्या भगिनींच्या लोणच्या-मसाल्याच्या दुकानाला ते शोभेल का?)

जुन्नर तालुक्यातून घरचा मसाला, कांदा किंवा द्राक्षं ऑनलाइन विकू पाहणाऱ्या कुटुंबांना म्हणून आमचं सांगणं असं की, एकच पत्ता आपला मानावा. पिशवीवर, कार्डावर, व्हॉट्सअॅपवर तोच छापावा. लोक हमखास चुकतात अशी एक-दोन स्पेलिंगं मात्र विकत घेऊन ठेवावीत आणि ती मुख्य पत्त्याकडे वळवावीत.

वळवणं अवघड नाही. नाव जिथून घेतलं, तिथल्या खात्यात ‘फॉरवर्डिंग’चा पर्याय असतो. त्यात कायमचं वळण निवडायचं, त्याचा क्रमांक 301. तात्पुरत्या वळणाचा 302. दुकान कायमचं हलवलं असेल तर 301च हवा, नाहीतर गूगलसारखी शोधयंत्रं जुनाच पत्ता दाखवत राहू शकतात. ‘मास्किंग’ नावाचा पर्याय घेऊ नये. त्यात वर जुना पत्ता तसाच दिसतो आणि गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं. पत्त्याआधी तीन डब्ल्यू असलेला आणि नसलेला हेसुद्धा दोन वेगळे पत्ते धरले जातात. त्यांतला एक दुसऱ्याकडे वळवावा.

इथं एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कुलपाची खूण देणारं सुरक्षा-प्रमाणपत्र वळवलेल्या नावालाही लागतं. ते नसेल तर वळण येण्याआधीच फोनवर धोक्याची सूचना झळकते आणि माणूस परत फिरतो. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था हे प्रमाणपत्र मोफत देते.

मराठीत पत्ता घ्यायची सोयही आहे. 27 ऑगस्ट 2014 रोजी ‘.भारत’ सुरू झालं तेव्हा देवनागरीपासूनच सुरुवात झाली. त्यात ‘ळ’ जसाच्या तसा लिहिता येतो. तरी आम्ही ते नाव मुख्य ठेवा असं म्हणणार नाही. अनेक अर्ज आणि ॲप आजही देवनागरी पत्ता घेत नाहीत, आणि कॉपी केल्यावर तो कधी कधी अगम्य रोमन अक्षरांत दिसतो. घ्यावं आणि रोमन पत्त्याकडे वळवावं. आजी-आजोबांना टाइप करायला तेच सोपं.

आता पैशांचं. जुन्या नावाची मुदत संपली आणि ते सोडून दिलं, तर ते कुणीही घेऊ शकतो. तुमच्या जुन्या कार्डावरचा पत्ता टाकणारी मावशी मग त्या अनोळखी माणसाच्या दारात पोहोचते, तुमचंच दुकान समजून आगाऊ पैसेही भरते. तुमच्या हे कानावर येतं ते ती भांडायला आल्यावर. मशीद, मदरसा किंवा शाळेच्या ट्रस्टनं तर इथं दुप्पट जपावं, कारण तिथं देणगी येते. नाव ट्रस्टच्याच नावावर नोंदवावं, ते बनवून देणाऱ्या पोराच्या नावावर नको. नूतनीकरणाची तारीख घरातल्या किंवा कमिटीतल्या दोघांच्या फोनमध्ये असावी.

सगळं झालं की चारही स्पेलिंगं घरातल्या दोन-तीन वेगळ्या फोनवर टाकून पाहा. फक्त पहिलंच पान नको, आतल्या एखाद्या वस्तूचा जुना दुवाही उघडा. तो थेट त्याच वस्तूवर गेला पाहिजे, नुसता दुकानाच्या दारापर्यंत नव्हे.