साक्ष कुणाची ग्राह्य?

इलेक्ट्रॉनिक सिटीत काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे क्लायंट कॅलिफोर्नियात असतात. रात्रीचे कॉल, ऑनसाइटची वाट, व्हिसाची चिंता यांतून ते राज्य आपल्या रोजच्या बोलण्यात आले आहे. तिथलाच एक जुना खूनखटला पहिल्या पिढीच्या पदवीधरांनी माहीत करून घ्यायला हवा. त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे : माणसाच्या शब्दाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरवायची का?

1853 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या भागात लिंग सिंग या चिनी खाणकामगाराचा खून झाला. आरोपी जॉर्ज हॉल गोरा होता. चिनी साक्षीदारांच्या जबानीवर ज्युरीने त्याला दोषी ठरवले आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. 1854 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. साक्षीदार खोटे बोलले म्हणून नव्हे, तर ते चिनी होते म्हणून.

काळे, मिश्रवंशीय आणि ‘इंडियन’ म्हणजे तिथले आदिवासी यांची गोऱ्या माणसाविरुद्धची साक्ष 1850 च्या कायद्याने बाद ठरवली होती. त्यात चिन्यांचे नाव नव्हते. मुख्य न्यायमूर्ती ह्यू मरे यांनी पळवाट शोधली. कोलंबसाला आपण आशियाला पोहोचलो असे वाटले होते, म्हणून ‘इंडियन’ या शब्दात आशियाई लोकही येतात. आणि ‘काळे’ म्हणजे गोरे नसलेले सगळेच. आज यांची साक्ष घेतली तर उद्या हे मत देतील, ज्युरीत आणि न्यायासनावर बसतील, ही भीतीही त्यांनी निकालात नोंदवली. ही बंदी 1872 पर्यंत टिकली.

आपल्याला यात नवे काही नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात द्विजांचे साक्षीदार द्विज, शूद्रांचे शूद्र आणि अंत्यजांचे अंत्यज असावेत, असा नियम आहे. साक्षीआधी ब्राह्मणाला नुसते ‘बोल’ म्हणायचे आणि शूद्राला पापाची भीती घालायची, हेही तिथेच आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. तिथला वर्णभेद आणि इथली जात यांचे नाते त्यांनी तेव्हाच ओळखले होते. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जळाली, आणि संविधानाच्या कलम 14 ने कायद्यासमोर सगळ्यांना समान केले.

तरी पुढचा खटला पाहा. बंगळुरूहून काही तासांवर, चिंतामणी तालुक्यातल्या कंबलापल्ली गावात 11 मार्च 2000 रोजी सात दलितांना जिवंत जाळण्यात आले. 2006 मध्ये सर्व आरोपी सुटले, कारण साक्षीदारांनी जबान्या फिरवल्या. 2014 मध्ये उच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेवली. कोर्टाच्या मराठीत अशा साक्षीदाराला ‘फितूर’ म्हणतात. ज्याची मजुरी, पाणी आणि रस्ता गावातल्या बलदंडांच्या हातात आहे, त्याला फितूर म्हणणे क्रूरपणाचे आहे. हॉलच्या खटल्यात कायद्याने साक्षीदाराचे तोंड बंद केले. आपल्याकडे कायदा बोलायला सांगतो आणि गाव तोंड दाबते. मेलेल्याला न्याय दोन्हीकडे नाही.

यावर उपाय कायद्यात आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात दुरुस्तीने आलेले कलम 15 अ 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. त्यानुसार पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च व निर्वाहखर्च, गरज पडल्यास दुसरीकडे पुनर्वसन मिळाले पाहिजे. जामिनाच्या सुनावणीसह प्रत्येक कामकाजाची सूचना पीडिताला वेळेवर मिळाली पाहिजे आणि कामकाजाचे चित्रीकरण झाले पाहिजे. पण मागितल्याशिवाय यातले फारसे काही पदरात पडत नाही, आणि मागायला अर्ज लिहावा लागतो.

तो अर्ज आपण लिहू शकतो. आपल्या पगारातून साक्षीदाराच्या कुटुंबाला शहरात चार महिने खोली देता येते, तारखेला सोबत जाता येते. शिकून बाहेर पडलेल्या मुला-मुलींमुळे घराची गावावरची मदार कमी होते. साक्षीदाराला नेमके तेच हवे असते. न्यायमूर्ती मरे यांना धास्ती होती की साक्ष देणारे उद्या न्यायासनावर बसतील. ती धास्ती खरी ठरवणे आपल्या हातात आहे, पण त्याआधी आपल्या माणसाची साक्ष शेवटपर्यंत टिकली पाहिजे.