साखर लावलेल्या तीनशे माश्या

शनिवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मी केळं सोलायला घेतलं आणि तिने ते चक्क माझ्या हातातून काढून घेतलं. "आज नाही," ती म्हणाली. "पेटी उघडायचीय." मधमाशी डंख मारते तेव्हा इतर माश्यांना धोक्याचा इशारा म्हणून एक वास सोडते, आणि तो वास पिकल्या केळ्यासारखा असतो. म्हणजे केळं खाऊन पोळ्याजवळ जाणं म्हणजे 'या, मला चावा' अशी पाटी गळ्यात अडकवून जाणं. मी गुपचूप टोस्ट खाल्ला.

ही गोष्ट मागच्या ऑक्टोबरातली, २०२५ची. जागा नेल्सन बे. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलच्या उत्तरेला समुद्रकाठी वसलेलं छोटं गाव. लोक इथे डॉल्फिन बघायला येतात, आईस्क्रीम खातात आणि रविवारी संध्याकाळी सिडनीच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन अडकतात. थोडक्यात, त्यांचं अलिबाग! माझी मावसबहीण सिडनीत असते, तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची बहीण इथे मधमाश्या पाळते, असं लांबचं कनेक्शन लावून मी तीन दिवस या जोडप्याच्या घरी तळ ठोकला. नावं छापायची नाहीत, असं दोघांनी बजावलंय (गावात कुणाच्या पेटीत काय निघालं हा हल्ली नाजूक विषय आहे), म्हणून इथे नुसतं 'तो' आणि 'ती'. वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. आपल्याकडे ती सरळ दादा-वहिनी झाली असती. तिथे पहिल्याच मिनिटाला नावाने हाक. मला जरा जडच गेलं.

आता तुमच्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक फाइल सेव्ह केलेली असते, मला माहितीय. अ‍ॅप्रेझल वाईट गेलं की उघडायची. 'सोडतो ही नोकरी, समुद्रकिनारी घर घेतो, मध काढतो, विकतो.' माझीही होती. तो मरिनामध्ये बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, ती एका शाळेच्या ऑफिसात बसते, आणि घराचे हप्ते या दोन पगारांतूनच जातात. माश्या म्हणजे संध्याकाळ आणि वीकेंड. मागच्या अंगणात चार पेट्या, त्यांची सरकारदरबारी नोंदणी (न्यू साउथ वेल्समध्ये एक पेटी असली तरी करावी लागते), शेजाऱ्यांना आणि मरिनातल्या लोकांना विकलेल्या मधाच्या बाटल्या, आणि त्यातून आलेले पैसे पुन्हा चौकटी-पेट्यांवर खर्च. "फायदा?" मी विचारलं. तो हसला. "पाठदुखी."

दिवसाचं रूटीन तसं बोअरिंग आहे, आणि मला ते आवडलं. सकाळी कामाला जाण्याआधी दोघं कॉफीचे मग घेऊन पेट्यांसमोर खुर्च्या टाकून बसतात. झाकण उघडत नाहीत, नुसतं दाराकडे बघतात. कुठल्या रंगाचा पराग येतोय, किती माश्या बाहेर पडतायत, कुणी भांडतंय का. आपण सकाळी उठून व्हॉट्सअ‍ॅप बघतो ना, तसंच. वसंतात फोन वाजत राहतो: 'आमच्या झाडाला माश्यांचं घोस लटकलंय, लवकर या.' घर सोडून निघालेला थवा खरं तर शांत असतो. पोटात मध भरलेला आणि राखायला घर नाही, मग चिडणार कशासाठी? तो खोकं धरतो, ती फांदी झटकते. ऐकायला सोपं वाटतं. मी लांब, गाडीच्या काचा वर करून बसले होते.

घराच्या व्हरांड्यात एक वेगळी, लहानशी पेटी आहे. तिच्यात ऑस्ट्रेलियाच्या मूळच्या, डंख नसलेल्या काळ्या माश्या राहतात, जेमतेम चार मिलिमीटरच्या. त्यांचा मध पातळ आणि आंबटगोड, लिंबू पिळल्यासारखा, आणि वर्षाला निघाला तर किलोभर. "या आमच्या म्हाताऱ्या," ती म्हणाली. "२०२२मध्ये याच तेवढ्या उरल्या."

तर २०२२. तो विषय मी काढणार नव्हते, तिनेच काढला.

युरोपियन मधमाश्या ऑस्ट्रेलियात आल्या १८२२ साली, जहाजातून. बरोबर दोनशे वर्षांनी, जून २०२२मध्ये, न्यूकॅसल बंदरातल्या देखरेखीच्या पेट्यांमध्ये व्हरोआ सापडला. व्हरोआ म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान, लालसर तपकिरी कोळी. तो माशीच्या अंगाला चिकटतो, अळीच्या कप्प्यात शिरून मेणाच्या झाकणाखाली पिल्लं घालतो, आणि उपाय केला नाही तर अख्खी वसाहत संपवतो. तोवर जगातल्या मोठ्या मध-उत्पादक देशांपैकी एकटा ऑस्ट्रेलिया यातून सुटला होता. सरकारने ठरवलं, पसरायच्या आत मुळापासून उपटून टाकायचं. जिथे कोळी सापडेल तिथून दहा किलोमीटरच्या आतली प्रत्येक पेटी नष्ट. कोळी असो वा नसो.

यांच्याकडे तेव्हा सहा पेट्या होत्या. तपासणीत एकही कोळी सापडला नव्हता.

"माणसं चांगली होती," तो सांगत होता. "दोघंजणं आली. माफी मागितली. संध्याकाळी सगळ्या माश्या घरी परतल्यावर दारं बंद केली आणि पेट्रोल ओतलं. काही मिनिटांचं काम." तो तिथेच उभा होता. ती नव्हती. ती गाडी घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसली होती आणि रात्री उशिरा आली. त्या रात्रीबद्दल दोघं एकमेकांशी बरेच महिने बोलले नाहीत, हे मला तिने वेगळं, भांडी घासताना सांगितलं. तिला वाटत होतं, याने अडवायला हवं होतं. त्याला वाटत होतं, हिने थांबायला हवं होतं.

या भागात तीन वर्षं पेट्या ठेवायच्या नाहीत, असा नियम झाला. रानातल्या माश्यांसाठी विषारी आमिषं ठेवली गेली. आणि मग सप्टेंबर २०२३मध्ये जाहीर झालं की व्हरोआ आता हटवता येणार नाही, यापुढे त्याच्यासोबत जगायचं. तोवर हजारो पेट्या गेल्या होत्या. भरपाई मिळाली होती, ते तो प्रामाणिकपणे सांगतो. त्याचं मत असं की प्रयत्न करून बघायलाच हवा होता. बदामाच्या बागांपासून कितीतरी पिकं परागीभवनासाठी याच माश्यांवर उभी आहेत. तिचं मत मी इथे छापू शकत नाही. खरं सांगू? मला दोघांचंही पटतं आणि म्हणून मी त्या चर्चेत नुसती मान हलवत बसले.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली. व्हरोआ मुळात आशियाई मधमाशीवरचा. आपल्या सह्याद्रीतली सातेरी त्याच कुळातली. ती आपल्या आणि मैत्रिणींच्या अंगावरून कोळी वेचून काढते, पिढ्यानपिढ्यांची सवय. युरोपियन माशीला ही विद्या तितकीशी जमत नाही. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाबद्दलही सांगितलं, मे २०२२मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झालेलं. ती तारीख ऐकून गप्प झाली. तिकडे मे, इकडे जून.

२०२४मध्ये त्यांनी दोन वसाहती विकत आणल्या. आता चार आहेत. आणि शनिवारची सकाळ होती तपासणीची.

मला पांढरा सूट चढवला, मी अंतराळवीरासारखी दिसत होते (फोटो आहे, दाखवणार नाही). त्याने धुराच्या डब्यात सुक्या पाइनच्या काड्या पेटवल्या, दारावर दोन फुंका मारल्या आणि झाकण उचललं. तो आवाज! दादरच्या ब्रिजवर संध्याकाळी सहाला येतो तसा, पण कुणाची तक्रार नसलेला. राणी तिसऱ्या चौकटीवर सापडली, पाठीवर निळा ठिपका. वर्षाप्रमाणे रंग ठरलेले असतात. २०२५ची राणी निळी. तिला बाजूला ठेवली. मग तिने अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण तीनशे, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घेतल्या, वरून पिठीसाखर टाकली आणि बरणी हळूहळू फिरवली. साखरेमुळे कोळ्यांची पकड सुटते. दोन-तीन मिनिटांनी बरणी पांढऱ्या ट्रेवर उलटी करून हलवायची. साखर पडते, कोळी पडतात, माश्या आत. मग त्यांना परत सोडायचं. पांढऱ्याफटक, रागावलेल्या तीनशे माश्या पेटीत शिरतात आणि बाकीच्या त्यांना चाटून साफ करतात.

अल्कोहोलने धुतलं तर आकडा जास्त अचूक मिळतो, पण त्या तीनशे मरतात. तो अल्कोहोलच्या बाजूचा. ती नाही म्हणते, आणि या घरात या बाबतीत तिचं चालतं. का, ते सांगायला नको.

ट्रेवर पाणी शिंपडल्यावर साखर विरघळली. मी सात मोजले. त्याने नऊ. तिने पुन्हा मोजले आणि म्हणाली, "नऊ."

तीनशेत नऊ म्हणजे शेकडा तीन. आणि साखरेने सगळे पडत नाहीत, म्हणजे प्रत्यक्षात जास्तच. तिला आशा होती की या हंगामात औषधाशिवाय निभेल. औषधाच्या पट्ट्या ठेवायच्या तर मधाचे वरचे मजले काढून घ्यायचे, पट्ट्या सहा ते दहा आठवडे आत, आणि तोवर त्या पेटीतून मध नाही. म्हणजे ऐन वसंत गेला, ख्रिसमसच्या बाटल्या गेल्या. उरलेल्या तीन पेट्यांत काय निघेल तेही माहीत नाही. तो काही बोलला नाही. मला वाटलं आता वाजणार. मी शिष्टपणे निळ्या राणीबद्दल काहीतरी प्रश्न विचारला, कुणी उत्तर दिलं नाही.

दुपारी बाकीच्या तीन उघडल्या. दोन, शून्य, अकरा.

संध्याकाळी मी व्हरांड्यात मेल चेक करत होते (हो, तिथेही). शेडमधून तो पट्ट्यांचं पाकीट घेऊन आला आणि पायरीवर ठेवून उभा राहिला. ती म्हणाली, "या वेळी मी ठेवणार." तो म्हणाला, "मी झाकण धरतो." सूट चढवून दोघं अंगणाच्या टोकाला गेले. नऊवाल्या पेटीत दोन पट्ट्या, अकरावालीत दोन. परत आल्यावर तिने फ्रीजवरच्या कॅलेंडरमध्ये डिसेंबरचं पान उलटलं, एका तारखेभोवती गोल केला आणि बाजूला शेजाऱ्यांची यादी लिहायला घेतली: या वर्षी मध कुणाकुणाला नाही.

मग मला विचारलं, "केळं खाणार? आता चालेल."