मागेल त्यास काम

दुष्काळांत सरकारनें कामें काढावींत, ही मागणी जुनीच. परंतु काम हा मजुराचा हक्क होय, हें मान्य करून घेण्यास वि. स. पागे यांच्यासारखा खेड्याची नाडी जाणणारा पुढारीच लागला. विधानपरिषदेचे सभापति असतां त्यांच्याच कल्पनेनें १९६५ सालीं तासगांव तालुक्यांत रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत ती योजना राज्यभर गेली आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. योजनेमुळें मजूर महागले, अशी कुरकूर आमच्या कित्येक बागाईतदार बंधूंनीं केली. ती आम्हांस मुळींच पटत नाहीं. त्याच मजुरांनीं घातलेले बांध व खणलेले पाझर तलाव यांचें पाणी अखेर कोणाच्या विहिरींत उतरलें? आणि त्याचा पैसा तर बराचसा शहरांतील पगारदारांच्या व्यवसायकरांतून आला!